वांग्याच्या आत कोणी नसतं

आमच्या हिओका गावच्या नगरपालिकेत एक नियम आहे, आणि ज्या माणसाने तो लिहिला त्याला मी चड्डीवर बर्फाच्या पाण्यात बसवलं. हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बाईने लपवून ठेवलं.

नियम असा आहे: नासुनोसुकेच्या आत कोणी नसतं.

नासुनोसुके म्हणजे गावचं वांगं, गावाचा शुभंकर. दोन मीटर उंच, जांभळं, डोक्यावर हिरवा देठ, गालांवर गुलाबी ठिपके आणि तोंडावर कायमचं हसू. शेजारच्या गावाने कांद्याची पात नाचवायला घेतली, तेव्हा आम्ही मागे कसे राहणार? आमच्याकडे वांग्याशिवाय काही पिकत नाही, म्हणून वांगं. आम्ही कामावरचे लोक त्याला वांगोबा म्हणतो, तेही आजूबाजूला बघून.

नियम लिहिणारे उबुकाता साहेब, आमच्या पर्यटन विभागाचे प्रमुख, वय सत्तावन्न. रस्त्यावर गाडी नसली तरी लाल दिव्याला थांबणारा माणूस. चौतीस वर्षांत एकदाही नियम मोडला नाही, आणि ही गोष्ट ते स्वतः सांगत नाहीत, कारण आपली फुशारकी मारू नये असाही नियम असणार. वांग्यासाठी त्यांनी तेवीस पानांची पुस्तिका काढली. आत कोणी नसतं, हा पहिला नियम. नासुनोसुके बोलत नाही, हा दुसरा. नागरिकांना दिसेल अशा ठिकाणी त्याचं डोकं निघत नाही, हा तिसरा. पुढे असेच एकेक. नववा नियम सांगतो की नासुनोसुके स्वच्छतागृहाकडे जाताना दिसू नये. चौदावा सांगतो की भोंग्यावरून पालिकेची घोषणा झाली की त्याने मान डोलवावी.

कचेरीतसुद्धा ‘आज आत कोण जाणार’ असं विचारायची सोय नाही. कामाच्या पाटीवर लिहितात: वांग्यासोबत, हिनुमा. वांग्याचा हात धरणार, तोगाशी. तोगाशी म्हणजे मी. वांग्याला तोंडाच्या जाळीतून फक्त आपले पाय दिसतात, म्हणून मी जांभळा डगला घालून त्याला हाताला धरून फिरवते. अकरा वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, आता हे.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी वांगी महोत्सव होता. सकाळी हिनुमाचा फोन आला की पायमोजे घालताना कंबर धरली, हलता येत नाही. मी वांग्यात शिरून पाहिलं, तर त्याचं डोकं माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं. टोपलीला पाय फुटल्यासारखी दिसते, असं उपप्रमुख निरासावा म्हणाला. तो स्वतः जाईना. त्याच्या अंगाला म्हणे पुरळ उठते. मग उबुकाता साहेब उठले, चष्मा पुसला, ‘नासुनोसुके वेळेवर येईल’ एवढंच बोलले आणि सामानाच्या खोलीत गेले. शर्ट तसाच. टायही तसाच. टाय लावून वांग्यात शिरणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

पाण्याची बाटली पुढे केली तर नको म्हणाले. सकाळपासून घोटभरही घेतलं नव्हतं. वांग्यातून लघवीला जायचं म्हणजे दोन माणसं आणि पाऊण तास लागतो, त्यात नववा नियम. मी म्हटलं, साहेब, बाहेर अडतीस आहे. ते म्हणाले, पुस्तिकेत तापमानाचा उल्लेख नाही.

डोक्यात एक छोटा पंखा असतो. त्याची बॅटरी देवळाच्या पायऱ्यांपर्यंतच टिकली. वीस मिनिटं उन्हात, वीस मिनिटं कचेरीत, असं ठरलं होतं. पण फोटोसाठी पोरांची रांग लागली, आणि निरासावा दर वेळी बोट वर करायचा: अजून पाचच मिनिटं. रांग संपेना आणि त्याची पाच मिनिटंही संपेनात. मधेच भोंगा वाजला. जूनमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवलेली घोषणा, आणि आवाज उबुकाता साहेबांचाच. आज उष्माघाताचा मोठा धोका आहे, नागरिकांनी विनाकारण घराबाहेर पडू नये, तहान लागण्याची वाट न बघता पाणी प्यावं. वांग्याने उन्हात उभं राहून ते सगळं ऐकलं आणि मान डोलावली.

तासभर झाला असेल. वांगोबाची चाल बदलली. हिनुमाचा वांगोबा शहाण्यासारखा हात हलवतो, आजचा झोकांड्या द्यायला लागला. त्याने दिव्याच्या खांबाला वाकून नमस्कार केला. मग थंड पेयांच्या यंत्राला केला आणि ते उलट नमस्कार करीना म्हणून तिथेच अडून राहिला, पुन्हा केला, अजून खाली वाकून. लोक पोट धरून हसत होते. असा रंगात आलेला वांगोबा कोणी पाहिला नव्हता. फोन वर झाले. आणि खरं सांगते, मीही हसले. हाताला धरून चालवणारी मी, मला त्याचा हात जड झालेला कळत होता, आणि मी हसले.

मग वांगं बोललं.

“एक गार सोबा,” ते म्हणालं, शेवयांच्या दुकानात बसल्यासारखं. “आलं वेगळं द्या.”

दोनशे पोरं गप्प झाली. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला की हा तर भोंग्यातला माणूस आहे. निरासावाचा चेहरा पांढरा पडला. तो धावत आला आणि जाळीला तोंड लावून कुजबुजायला लागला. ‘साहेब’ म्हणता येईना, म्हणून ‘नासुनोसुके, शांत व्हा, नासुनोसुके’. त्याच्या लेखी अनर्थ काय झाला, तर वांग्याने तोंड उघडलं. लोकांच्या लेखी गंमत झाली. मी मात्र हसायची थांबले. लाल दिव्याला थांबणाऱ्या माणसाने स्वतः लिहिलेला दुसरा नियम दोनशे पोरांसमोर मोडला, तर ती लहर नसते. त्याचं डोकं ठिकाणावर नाही. मी जाळीतून विचारलं, साहेब, आज वार कोणता? ते म्हणाले, “मार्च.”

मी मानेजवळची चेन बोटभर उघडून हात घातला. भाताच्या कुकरच्या झाकणाला हात लागावा तसं झालं.

माझा थोरला भाऊ छपरं घालायचा. एका जुलैमध्ये कौलांवरून उतरला आणि मला आईच्या नावाने हाक मारायला लागला. आम्ही सगळे हसलो. दमलाय म्हटलं, सावलीत आडवा केला, घोटभर चहा पाजला आणि झोपू दिला. तो उठला नाही. तेव्हापासून मी एक गोष्ट शिकले आहे आणि ती कोणत्याही पुस्तिकेत असो वा नसो: उन्हातला माणूस थकला तर त्याला सावली आणि पाणी द्यावं, पण तो बरळायला लागला, अडखळायला लागला, भलतंच उत्तर द्यायला लागला, तर तो थकलेला नाही, आतून शिजतो आहे. मग घड्याळ सुरू झालेलं असतं.

मी चेन पुढे ओढणार, तेवढ्यात वांगं बसलं. बसलं ते कलंडलं, आणि वांग्याचा आकार वांग्याचाच असल्यामुळे देवळाचा उतार त्याला पुरला. ते गडगडत गेलं. देठ वर, देठ खाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इसोको आजीच्या काकडीच्या गाड्याला टेकून ते थांबलं, हसऱ्या तोंडाने आकाशाकडे बघत, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी पोचेपर्यंत निरासावा त्या डोक्याला मिठी मारून पडला होता. लाडिकपणे नव्हे, दोन्ही हातांनी घट्ट, कोणी काढू नये म्हणून. त्याचा बेत तयार होता. हातगाडी आणायची, वर ताडपत्री टाकायची, पालिकेच्या मागच्या दाराने आत न्यायचं आणि तिथे दार लावून डोकं उघडायचं. तीनशे मीटर, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं.

“पंधरा मिनिटांत तो मरेल,” मी म्हटलं.

“कोण?” निरासावा म्हणाला. “आत कोणी नाहीये.”

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. आजूबाजूला पोरं होती, त्यांच्यासमोर काय बोलायचं ते पुस्तिकेत लिहिलेलं होतं, आणि आत ज्याचं भाजून भरीत होत होतं त्यानेच ते लिहिलेलं होतं. आमच्याकडे माणूस मरताना दिसला तरी आधी कोणता नियम लागू होतो ते बघतात. कोणाला राग आला तर येऊ दे.

मी म्हटलं, रुग्णवाहिकेला, एकशे एकोणीसला फोन लाव. फोनसाठी तरी एक हात सुटेल, असा माझा हिशेब. त्याने लावला. पलीकडून रुग्णाचं वय विचारलं असणार, कारण तो म्हणाला, “सात वर्षं.” मग म्हणाला, “स्त्री-पुरुष असं काही ठरवलेलं नाही.” मग थोडं ऐकून, अगदी नम्रपणे, “वजन अधिकृतपणे वांग्याइतकं.”

मी त्याच्या मनगटाला चावले. फोन खाली पडला, तो मी उचलला. माणूस आहे, सत्तावन्नचा, उन्हात बंद पोशाखात तासभर, बरळत होता, आता हाकेला धड ओ देत नाही, अंग भाजतंय. देवळाचा उतार, काकडीचा गाडा. पलीकडच्या बाईने एक शब्द वाया घालवला नाही. गाडी निघाली, म्हणाली, पण तिची वाट बघत बसू नका, कपडे उतरवा आणि आत्ताच्या आत्ता गार करा, असेल तितक्या गार पाण्यात घाला, डोकं वर धरा. शुद्ध नीट नाही तर तोंडात काही घालू नका.

मी देठाला धरून डोकं उपटलं.

आतून वाफ आली. वाफेमागून उबुकाता साहेब निघाले, बीटासारखे लाल, डोळे अर्धे उघडे, टाय नीट. दोनशे पोरांनी श्वास रोखला. निरासावाने हातांनी तोंड झाकून घेतलं. सात वर्षांची फसवणूक उघडी पडली, आता पोरं धाय मोकलून रडणार, असं त्याला वाटलं असावं. पण पुढे उभी असलेली एक पाचेक वर्षांची मुलगी मोठ्याने म्हणाली, “वांग्याने आजोबा खाल्ला.”

एवढंच निमित्त. दुसरी म्हणाली, अजून गिळलेला नाही, ओढा. पोरं तुटून पडली. कोणी पाय धरले, कोणी वांग्याच्या पोटात लाथा घातल्या, सोड त्याला, सोड म्हणून. एरवी तो पोशाख उतरवायला दोघांना दहा मिनिटं लागतात. त्या पोरांनी साहेबांना अर्ध्या मिनिटात बाहेर काढलं आणि रिकामं वांगं बुकलत राहिली.

इसोको आजी अठ्ठ्याहत्तरची. तिच्या गाड्यामागे वांगी धुवायची निळी टाकी होती, आंघोळीच्या टबापेक्षा मोठी, त्यात बर्फाचं पाणी आणि काठीला टोचलेल्या दोनशे काकड्या. मी टाकीकडे पाहिलं, तशी तिने आडवा हात घातला आणि काकड्या कोण घेणार मग, असं विचारलं. मग तिने साहेबांकडे एकदा पाहिलं. दोन्ही हातांनी काकड्या उपसून रस्त्यावर फेकायला लागली.

“कपडे काढ त्याचे, पोरी,” ती मला म्हणाली. मी अठ्ठेचाळीसची. “लाजतेस काय? पाच नातू न्हाऊ घातलेत मी. सगळ्यांचं सारखंच असतं.”

टाय तिने काकडीच्या सुरीने कापला. शर्ट गेला, विजार गेली. खाली चड्डी होती, छोट्या छोट्या वांग्यांच्या छापाची. मागच्या वर्षी पालिकेने विक्रीला काढलेली. एकही खपली नाही असं आम्ही समजत होतो.

चौघांनी उचलून त्यांना टाकीत घातलं. पाणी गळ्यापर्यंत आलं. मी मागून काखेत हात घालून डोकं वर धरून बसले, माझे हात कोपरांपर्यंत बधिर. बर्फाच्या गोळ्यावाल्याने न किसलेल्या लाद्या आणून सोडल्या. नाचाला आलेल्या म्हाताऱ्या बायका, तीसेक जणी, हातात पंखे घेऊन भोवती उभ्या राहिल्या आणि वारा घालायला लागल्या. त्यांना सवयच तशी, सगळ्यांचे पंखे एका ठेक्यात चालायला लागले आणि दर आठव्या ठेक्याला सगळ्या एक पाऊल डावीकडे सरकायच्या. कोणी थांबवलं नाही. वारा लागत होता ना.

निरासावा परत आला. एका हातात मीठ-साखरेच्या पेयाची बाटली, दुसऱ्यात खारवलेलं आलुबुखार. त्याला पश्चात्ताप झाला होता आणि तो साहेबांच्या घशात ओतायचा होता. मी म्हटलं, गिळता येत नाहीये त्याला, फुप्फुसात जाईल, मग मीच मारलं म्हणशील. तो तसाच उभा राहिला, आलुबुखार धरून. शेवटी त्याने ते स्वतःच खाल्लं.

दहा मिनिटांनी साहेब कुडकुडायला लागले. कुडकुडणारा माणूस बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. डोळे उघडून त्यांनी कानाशी तरंगणाऱ्या एका चुकार काकडीकडे बराच वेळ पाहिलं आणि तिला विचारलं की आपण कोणत्या विभागातून आलात. म्हणजे अजून डोकं जागेवर नव्हतं, पण विभाग आठवत होता.

गाडी आली. ताप मोजला तर एकोणचाळीसच्या वर. रुग्णालयातला तरुण डॉक्टर म्हणाला, टाकीत जाण्याआधी एक्केचाळीस-बेचाळीस असणार. ताडपत्रीखालून नेला असता तर आम्ही फक्त कागद भरले असते. मूत्रपिंडांवर ताण आला होता. दोन दिवस ते धड बोलत नव्हते. रात्रंदिवस सलाईन. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. त्यांना बायको नाही, आणि वांग्याचा हात धरणार म्हणून पाटीवर माझंच नाव होतं.

तिसऱ्या दिवशी डोकं लख्ख झालं. निरासावा फुलं आणि एक अर्ज घेऊन आला. कामावर असताना झालेल्या अपघाताचा अर्ज. त्यात ‘कसा घडला’ असा रकाना, आणि तो त्याने टंकून आणला होता. तोवर बालवाडीतल्या पोरांची एकतीस पत्रं आली होती, वांग्याला शिक्षा करा म्हणून. पालिकेने रविवारीच तातडीची बैठक घेऊन जाहीर केलं होतं की नासुनोसुकेने भुकेच्या भरात विभागप्रमुखांना गिळलं, त्याला वाईट वाटतंय, पुन्हा असं होणार नाही. खाली वांग्याच्या पंजाचा ठसा. तेव्हा अर्जातही तेच: महोत्सवात उपस्थित असताना गावच्या वांग्याने गिळल्यामुळे. वरच्या सगळ्यांनी सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के मारले होते. सहा शिक्के. फक्त साहेबांचा बाकी.

माझा तोल गेला. निरासावाला म्हटलं की हा कागद गेला तर पुढच्या ऑगस्टमध्ये तोच हिनुमा त्याच वांग्यात, त्याच तेवीस पानांसकट. त्याला कोणी गिळलं म्हणाल? पाणी पिऊ नको म्हणून सांगणारं कोण होतं, वांगं? अजून पाच मिनिटं म्हणणारं? परिचारिका दारातून डोकावून गेली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. पेन मागितलं. एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला होता, तो आधी दुरुस्त केला. मग मला विचारलं की आपण खाली पडल्यापासून डोकं निघेपर्यंत किती वेळ गेला.

“चार मिनिटं,” मी म्हटलं.

“चार मिनिटं तुम्ही दोघं काय करत होतात?”

“आत कोणी आहे की नाही यावर वाद घालत होतो.”

मग पट्टी नसल्यामुळे त्यांनी अर्जाच्या पाकिटाच्या कडेने टंकलेल्या ओळीवर सरळ रेघ मारली, आणि खाली लिहिलं: आत मी होतो. सलाईनच्या हाताने लिहिलेलं, अक्षर पार वाकडं. शिक्का घरी होता, म्हणून अंगठा शाईत बुडवून उमटवला.

निरासावा हळूच म्हणाला की असं लिहिलेलं दप्तरी दाखल होत नाही, वरचे सहा जण काय म्हणतील, आणि पोरांना काय सांगायचं. साहेब म्हणाले, पोरांचं सोडा, ती ओढायला आली होती. मग त्यांनी डोळे मिटले. निरासावाने कागदाची चार पदरी घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली, जिथून कागद परत येत नाहीत.

मी त्याच्या खिशात हात घातला आणि तो काढून घेतला. चावेन की काय या भीतीने तो हललाही नाही. बस पकडून पालिकेत गेले, दाखल खिडकीवरच्या मुलीसमोर कागद उलगडून ठेवला आणि म्हटलं, आवक शिक्का मार. ती वाचून म्हणाली, आत म्हणजे कुठे? मी म्हटलं, वांग्यात. तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.